काचेआडचा गृहस्थ : जॉर्ज मार्टिन

'प्रोड्यूसर' ह्या इंग्रजी शब्दाचें आपल्याकडे 'निर्माता' असें भाषांतर झालें आणि त्यानें थोडा घोटाळा करून ठेवला. बोलपटाचा निर्माता म्हटला कीं पैसा घालणारा, नटनट्यांशीं करार करणारा आणि चित्रपट पडला तर कर्जांत बुडणारा शेटजी आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. ध्वनिमुद्रिकेचा प्रोड्यूसर हा प्राणी अगदीं निराळा. पैसा कंपनीचा, गीत गीतकाराचें, कंठ गायकाचा, वाद्यें वादकांचीं, यंत्रें तंत्रज्ञाच्या हातीं. मग ह्याचें काय? हा काचेच्या पलीकडे बसतो, ऐकतो, आणि 'पुन्हां एकदां' किंवा 'ठीक आहे' असें म्हणतो. एवढ्यासाठीं कोणी पगार कां द्यावा, असा प्रश्न कोणाही व्यवहारी माणसाच्या मनांत यावा. श्रोतेहो, ज्या गृहस्थाची हकीकत मी आज सांगणार आहें, त्याच्या मालकांच्या मनांतहि तो प्रश्न आला होता. आणि त्याचें त्यांनीं जें उत्तर दिलें तें त्यांना पुढें बरेंच महाग पडलें.

जॉर्ज मार्टिनचा जन्म ३ जानेवारी १९२६ रोजीं लंडनमध्यें एका सुताराच्या घरीं झाला. पियानो तो बव्हंशीं आपला आपणच शिकला. दुसऱ्या महायुद्धांत, १९४३ सालीं, तो नौदलाच्या विमानदळांत शिरला. तेथून सुटल्यावर १९४७ ते १९५० हीं तीन वर्षें गिल्डहॉल संगीतविद्यालयांत त्यानें रचनाशास्त्राचा अभ्यास केला आणि ओबो नांवाच्या सुषिर वाद्यावर हात बसविला. पण ओबोवर प्रपंच चालत नाहीं. १९५० च्या नोव्हेंबरांत तो ई. एम. आय. कंपनीच्या पार्लोफोन ह्या शाखेंत मदतनीस म्हणून लागला, आणि १९५५ सालीं, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षीं, तिचा मुख्य झाला. हें ऐकावयास मोठें वाटतें. परंतु पार्लोफोन ही त्या घरांतली सावत्र मुलगी होती. कुत्र्याचें चित्र असलेली जी तबकडी आपल्या वाडवडिलांच्या दिवाणखान्यांत वाजत असे, ती 'हिज मास्टर्स व्हॉइस' तिची बहीण. दुसरी बहीण 'कोलंबिया'. नामांकित गायक ह्या दोघींकडे, आणि उरलेंसुरलें पार्लोफोनच्या पदरांत.

उरल्यासुरल्यावर संसार थाटणें ही एक कलाच आहे. मार्टिननें विनोदी ध्वनिमुद्रिका काढण्याचा सपाटा लावला. पीटर सेलर्स, स्पाइक मिलिगन हे नभोवाणीवर गाजलेले विनोदी नट त्याच्याकडे येऊं लागले. १९६० सालीं सेलर्स आणि सोफिया लॉरेन यांचें 'गुडनेस ग्रेशस मी' हें द्वंद्वगीत त्यानें काढलें. बर्नार्ड शॉच्या नाटकावरून निघालेल्या 'द मिल्यनेरेस' ह्या चित्रपटांत सेलर्सनें एका हिंदुस्थानी डॉक्टराची भूमिका केली होती. गाणें त्या चित्रपटांत नाहींच, तें केवळ त्याच्या जाहिरातीसाठीं रचलेलें. त्यांतील आपल्या लोकांच्या इंग्रजी उच्चाराची नक्कल ऐकून हसूं येतें कीं राग येतो, हें ज्याच्या त्याच्या प्रकृतीवर अवलंबून आहे. आपल्याला येथें महत्त्वाचें तें निराळें. विनोदी ध्वनिमुद्रिका म्हणजे डोळे मिटून पाहावयाचा चित्रपट. दार करकरलें पाहिजे, पावलें जवळ आलीं पाहिजेत, दोन माणसांमधलें अंतर कानाला कळलें पाहिजे. जें दाखवितां येत नाहीं तें ऐकवावें लागतें, आणि तें ऐकविण्यासाठीं फीत कापावी, जोडावी, उलटी फिरवावी लागते. गवयांच्या मैफलींची जशीच्या तशी नक्कल उतरवून घेणाऱ्या त्याच्या सहकाऱ्यांना ह्या खटपटी पोरकट वाटत असतील. मार्टिनचें खरें शिक्षण मात्र येथेंच झालें.

त्याचा एक मासला सांगतों. १९६२ सालीं सेलर्स, मिलिगन आणि मंडळींनीं 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' ह्या गाजलेल्या युद्धपटाचें विडंबन ध्वनिमुद्रित केलें. सर्व काम आटोपलें, आणि मग चित्रपटाच्या मालकांकडून धमकी आली कीं नांव वापराल तर फिर्याद करूं. नट पुन्हां गोळा करणें शक्य नव्हतें. मार्टिननें पातें घेतलें आणि जेथें जेथें 'क्वाय' हा शब्द आला होता तेथें तेथें फितींतून त्यांतला 'क्' तेवढा कापून टाकला. उरला 'वाय'. इंग्लंड आणि वेल्स यांच्या सीमेवर वाय नांवाची नदी खरोखरच आहे! फिर्याद टळली. सेकंदाला पंधरा इंच धांवणाऱ्या फितीवर एक व्यंजन म्हणजे इंच-दीड इंचाचा तुकडा. तो नेमका कोठें सुरू होतो आणि कोठें संपतो हें डोळ्यांना दिसत नाहीं, कानांनींच शोधावें लागतें.

असें कान तयार झालेल्या ह्या माणसाकडे त्याच १९६२ सालीं लिव्हरपूल बंदरांतील चार तरुण आले. डेक्का कंपनीनें त्यांना आधींच परत पाठविलें होतें. ६ जून रोजीं ॲबी रोडवरील स्टुडिओंत त्यांची परीक्षा झाली. त्यांच्या गाण्यांनीं मार्टिन भारावून वगैरे गेला नाहीं. त्यांच्या हजरजबाबी बोलण्यानें मात्र तो जिंकला गेला, आणि सेलर्स-मिलिगनच्या संगतींत दिवस काढलेल्या माणसाला ती पारख असावी ह्यांत नवल नाहीं. हे चौघे म्हणजे 'बीटल्स'. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज गायकींतून निघालेलें, विजेच्या गिटारीवर आणि ढोलांच्या ठोक्यावर चालणारें जें रॉक संगीत, त्यांत हे न्हाऊन निघालेले. मार्टिनचा पिंड बाख आणि राव्हेल यांच्या संगीतावर पोसलेला. त्यांना नोटेशन वाचतां येत नव्हतें, आणि त्याला रॉकचें फारसें प्रेम नव्हतें. तरी पहिल्याच वर्षीं 'प्लीज प्लीज मी' हें संथ चालीचें गाणें त्यानें त्यांना द्रुत लयींत म्हणावयास लावलें आणि तें गाजलें. ११ फेब्रुवारी १९६३ ह्या एका दिवसांत त्यानें त्यांचीं दहा गाणीं मुद्रित करून घेतलीं. त्या वर्षीं ५२ पैकीं ३७ आठवडे इंग्लंडांतील खपाच्या यादींत अग्रस्थानीं मार्टिनच्या हातची कोणती ना कोणती ध्वनिमुद्रिका होती. बीटल्सखेरीज 'जेरी अँड द पेसमेकर्स' आणि बिली जे. क्रेमर हेहि त्याच्याच हाताखालचे.

ह्या सर्वांबद्दल त्याला मिळत होता तो ठरलेला पगार. विक्रीवर टक्केवारी मागितली तेव्हां मालकांनीं पुष्कळ घासाघीस केली. त्यांना वाटलें असावें कीं बीटल्स गातात, आपण विकतों, हा नुसता ऐकतो. १९६५ च्या ऑगस्टमध्यें मार्टिन तीन सहकाऱ्यांसह बाहेर पडला आणि त्यांनीं स्वतःची संस्था काढली. तिच्या नांवाच्या आद्याक्षरांनीं 'एअर' हा शब्द होतो. इंग्रजींत त्याचा अर्थ हवा, आणि जुन्या वापरांत धून असाहि आहे. आतां मोठी गंमत झाली. बीटल्स कंपनीचे, पण त्यांना मार्टिनच हवा; तेव्हां काल घरांत पगारी असलेल्या माणसाला कंपनीला बाहेरून, त्याच्या अटींवर, बोलवावें लागलें.

चित्रपटांशीं त्याचा संबंध जुळून गेला तो ह्याच चौघांमुळें. १९६४ सालीं रिचर्ड लेस्टर ह्या दिग्दर्शकानें बीटल्सना घेऊन 'ए हार्ड डेज नाइट' हा कृष्णधवल चित्रपट काढला. गाणीं त्यांचीं, पार्श्वसंगीत मार्टिनचें. आणि ऑस्कर पारितोषिकासाठीं त्याच्या नांवाची शिफारस झाली. पण चित्रपटांत दिग्दर्शक हा राजा असतो. लेस्टरला स्वतःला संगीताची जाण होती, निदान आहे असें त्याला वाटत होतें. दोघांचें जमलें नाहीं. पुढच्या वर्षींच्या 'हेल्प!' ह्या चित्रपटाचें पार्श्वसंगीत केन थॉर्न ह्या दुसऱ्या गृहस्थाकडे गेलें. शिफारस मिळविणारा माणूस घरीं बसला. चित्रपटाच्या दुनियेंत हें नेहमींचेंच. आमच्या मुंबईंत ह्याच्या डझनभर कथा सांगतां येतील.

तरीहि चित्रपटाच्या कामानें त्याला एक शिस्त दिली. चित्रपटाची फीत सेकंदाला २४ चित्रें ह्या गतीनें धांवते. पस्तीस मिलिमीटरच्या फितीच्या एका फुटांत १६ चित्रें, म्हणजे मिनिटाला ९० फूट. संगीतकाराच्या हातीं कागद येतो : अमुक फुटावर दार उघडतें, तमुक फुटावर नायिका वळून पाहते. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर प्रत्येक मात्रेला १२ चित्रें पडतात. ह्या चौकटींत स्वर बसवावयाचे आणि चौकट मात्र ऐकणाऱ्याला दिसूं द्यावयाची नाहीं. ही विद्या घेऊन तो पुन्हां ॲबी रोडवर येई, आणि तेथें नेमकें उलटें काम असे. तेथें चित्र नव्हतें. तें गाणाराच्या मनांत होतें, आणि तें त्याला धड सांगतांहि येत नसे.

१९६६ सालचें 'एलेनॉर रिग्बी' हें एकाकी माणसांविषयींचें गीत घ्या. त्याच्या साथीला गिटार नाहीं, ढोल नाहीं. चार व्हायोलिन, दोन व्हायोला आणि दोन चेलो, एवढेंच. तीं वाद्यें मधुर वाजत नाहींत, टोंचतात. हा धडा आपण बर्नार्ड हर्मनच्या चित्रपटसंगीतावरून घेतला असें मार्टिननेंच पुढें सांगितलें. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' ह्या गाण्याचीं दोन मुद्रणें झालीं, निराळ्या लयींत आणि निराळ्या स्वरांत. जॉन लेननला एकाचा आरंभ आवडला आणि दुसऱ्याचा शेवट. दोन्ही जोडून द्या, म्हणून तो मोकळा झाला. फितीची गति कमीजास्त केली कीं लयीबरोबर स्वरहि खालींवर सरकतो. त्याचा हिशेब करून मार्टिन आणि त्याचा तंत्रज्ञ जेफ एमरिक यांनीं तो सांधा जुळविला. १९६७ सालच्या 'ए डे इन द लाइफ' मध्यें मधल्या चोवीस आवर्तनांची जागा मोकळीच ठेवलेली होती. मार्टिननें चाळीस वादक बोलावले, प्रत्येकाला त्याच्या वाद्याचा सर्वांत खालचा स्वर आरंभीं आणि सर्वांत वरचा योग्य स्वर शेवटीं लिहून दिला, आणि मधलें अंतर ज्याचें त्यानें शेजाऱ्याकडे कान न देतां चढावें असें सांगितलें. आयुष्यभर शेजाऱ्याकडे कान देऊनच वाजवीत आलेल्या त्या मंडळींना केवढा संकोच वाटला असेल! हें सारें चार पट्ट्यांच्या यंत्रावर झालें हें लक्षांत घेतलें पाहिजे. आज हातांतल्या फोनमध्येंहि त्याहून अधिक सोय असते.

त्याच ध्वनिमुद्रिकेंत जॉर्ज हॅरिसनचें 'विदिन यू विदाउट यू' हें गीत आहे, आणि तें आपल्या विशेष परिचयाचें वाटावें. लंडनमधील एशियन म्युझिक सर्कल ह्या संस्थेच्या वादकांनीं त्यांत दिलरुबा, तबला आणि तंबोरा वाजविला. मार्टिननें त्यावर आठ व्हायोलिन आणि तीन चेलो यांची जोड दिली. पाश्चात्त्य वादकाला स्वर म्हणजे पायरी. एकीवरून उचलून पाय दुसरीवर ठेवावयाचा. दिलरुब्याची मींड ही पायरी नव्हे, उतरण आहे. ती उतरण त्यानें कागदावर उतरविली आणि त्या अकरा जणांना तिच्यावरून घसरावयास शिकविलें. माझ्या मतें त्याच्या सर्व कामगिरींत ही सर्वांत कठीण, आणि हिच्याविषयीं सर्वांत कमी बोललें जातें. परंतु एक सल उरतो. त्या हिंदी वादकांचीं नांवें वेष्टनावर आलीं नाहींत. स्वतःच्या श्रेयासाठीं मालकांशीं भांडलेल्या मार्टिनला हें खुपलें कीं नाहीं?

हॅरिसननें तें एका अर्थानें भरून काढलें, आणि तेंहि चित्रपटाच्याच निमित्तानें. जो मॅसट ह्या दिग्दर्शकाच्या 'वंडरवॉल' ह्या चित्रपटाचें संगीत त्यानें स्वीकारलें. हातांत घड्याळ घेऊन प्रसंगांच्या वेळा टिपल्या, आणि १९६८ च्या जानेवारींत तो मुंबईस आला. हिज मास्टर्स व्हॉइसच्या मुंबईंतील स्टुडिओंत आशिष खान यांची सरोद, शिवकुमार शर्मा यांचें संतूर, केंकरे यांची बांसरी, विनायक व्होरा यांची तारशहनाई हीं त्यानें मुद्रित केलीं. भिंती रस्त्याचा गोंगाट थोपविण्याइतक्या जाड नव्हत्या. ह्या वेळीं काचेआड मार्टिन नव्हता. हॅरिसन स्वतःच प्रोड्यूसर होता. आणि ह्या वेळीं वादकांचीं नांवें वेष्टनावर छापलीं गेलीं. त्याच मुक्कामांत 'द इनर लाइट' ह्या गीताची साथ मुद्रित झाली. ती फीत लंडनला गेली आणि तिच्यावर कंठ चढला तो मार्टिनच्या देखरेखीखालीं. मुंबईच्या वादकांचें काम आणि मार्टिनचें काम एका तबकडीवर आलें, पण ते एकमेकांसमोर कधीं बसले नाहींत.

१९६८ सालींच 'यलो सबमरीन' हा रेखाचित्रपट निघाला. ह्याचें पार्श्वसंगीत सर्वस्वीं मार्टिनचें. काळाचा समुद्र, भोकांचा समुद्र, राक्षसांचा समुद्र अशा अद्भुत प्रदेशांना त्यानें स्वर दिले. कोठें फीत उलटी फिरविली, कोठें हिंदुस्थानी धाटणीचा आलाप तंतुवाद्यांना दिला. पुढें जानेवारी १९६९ मध्यें ध्वनिमुद्रिका आली तेव्हां एका बाजूस बीटल्सचीं गाणीं होतीं आणि दुसऱ्या बाजूस मार्टिनचा वाद्यवृंद. लाखो घरांत ती तबकडी गेली, आणि त्यांतल्या बहुतेक घरांत तिची दुसरी बाजू कोरीच राहिली असावी. हें अन्यायाचें आहे असें मी सहज म्हणालों असतों. पण पुन्हां पुन्हां ऐकल्यावर म्हणवत नाहीं. तें संगीत चतुर आहे, सुबक आहे, आणि चित्र समोर असतांना फार शोभतें. एकटें ठेवलें कीं तें कोणाची तरी वाट पाहत बसल्यासारखें वाटतें. दुसऱ्याचें अर्धवट स्वप्न हातांत दिलें कीं हा माणूस विलक्षण होई. स्वतःचें स्वप्न मांडावयास सांगितलें कीं तो केवळ उत्तम कारागीर राही. ह्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं, पण श्रेयाचा सगळा घोळ ह्यांतूनच उद्भवतो.

तो घोळ १९७० सालीं चव्हाट्यावर आला. मागील वर्षींच्या जानेवारींत बीटल्सनीं एक चित्रपट आणि ध्वनिमुद्रिका एकदमच हातीं घेतली होती. ह्या वेळीं मार्टिनच्या करामती नकोत, जें वाजवूं तें तसेंच उतरवा, असा लेननचा आग्रह होता. फितींचा ढीग पडून राहिला. शेवटीं तो फिल स्पेक्टर ह्या अमेरिकन प्रोड्यूसरकडे गेला, आणि करामत नको म्हणणाऱ्यांच्या गाण्यांवर त्यानें वाद्यवृंद आणि गानवृंद लादला. वेष्टनावर मार्टिनचें नांव आलें नाहीं. 'मूळ निर्मिती मार्टिनची आणि अतिनिर्मिती स्पेक्टरची' असें छापा, असें तो उपहासानें म्हणाला. आणि योगायोग पाहा : ज्या ऑस्करनें १९६४ च्या चित्रपटाच्या वेळीं त्याला हुलकावणी दिली, तेंच गीतसंगीताचें ऑस्कर ह्या 'लेट इट बी' चित्रपटाला मिळालें. लेननची त्याच वर्षाअखेरची मुलाखतहि प्रसिद्ध आहे. मार्टिननें आमच्याविना काय केलें आहे, असा तिचा रोख होता.

प्रश्न कडवट होता, पण निराधार नव्हता. त्याचें उत्तर मार्टिननें कामानें दिलें, आणि तें संमिश्र आहे. १९७४ सालीं जॉन मॅक्लॉफ्लिनच्या 'महाविष्णु ऑर्केस्ट्रा'ला लंडन सिंफनी वाद्यवृंदाशेजारीं बसवून त्यानें 'अपोकॅलिप्स' काढली. 'अमेरिका' नांवाच्या त्रयीला त्यानें यशस्वी केलें. गिटारवादक जेफ बेकची 'ब्लो बाय ब्लो' ही १९७५ सालची ध्वनिमुद्रिका तर सबंध शब्दावांचूनची, आणि ती अमेरिकेंतील यादींत चौथ्या क्रमांकापर्यंत चढली. चित्रपटांत १९७३ सालचा जेम्स बाँडचा 'लिव्ह अँड लेट डाय' हा त्याचा सर्वांत मोठा विजय. शीर्षकगीत पॉल मॅकार्टनीचें. मार्टिननें तें वाद्यवृंदासह पुरें मुद्रित करून निर्माते हॅरी सॉल्झमन यांना ऐकविलें. सॉल्झमन म्हणाले, छान आहे, आतां हें गाणार कोण? त्यांना वाटलें कीं हा नमुना आहे. मॅकार्टनीच्या गळ्यासकट तयार माल समोर असतांना शेटजी गायिकेचा शोध घेत होते! मार्टिननें सौम्यपणें समजावून सांगितलें कीं मॅकार्टनी नसेल तर गाणेंहि नसेल. शिष्टाचाराचें असें बळ थोड्या लोकांपाशीं असतें.

१९७८ सालच्या 'सार्जंट पेपर' चित्रपटाविषयीं मात्र थोडक्यांत आटोपावें हें बरें. बीटल्सचीं गाणीं, गाणारे दुसरेच, कथा ओढूनताणून, संगीत-दिग्दर्शन मार्टिनचें. चित्रपट पडला, आणि तो पडावयास हवाच होता. स्वतःच्याच हातच्या चित्रावर पुन्हां कुंचला फिरविण्याचा मोह त्याला टाळतां आला असता. उलट १९९२ सालीं हॅम्पस्टेड येथील जुन्या चर्चच्या इमारतींत त्याच्या संस्थेनें जो स्टुडिओ उघडला, त्यांत पुढें कित्येक चित्रपटांचें संगीत मुद्रित झालें. चित्रपटाच्या जगांत त्याची खरी वस्ती तीच म्हणावी लागेल. १९९६ सालीं त्याला 'सर' ही पदवी मिळाली. उतारवयांत ऐकूं येईनासें झालें. आणि ८ मार्च २०१६ रोजीं, नव्वदाव्या वर्षीं, तो वारला.

पांच वर्षांनीं, २०२१ सालीं, पीटर जॅक्सन ह्या दिग्दर्शकानें १९६९ च्या त्या जानेवारींतील पडून राहिलेलीं चित्रणें जुळवून 'गेट बॅक' हा जवळजवळ आठ तासांचा चित्रपट काढला. त्यांत मार्टिन दिसतो. गळपट्टा बांधलेला, उंच, कोणाच्याहि मध्यें न येणारा. सॅव्हिल रो वरील तळघरांत बांधलेला नवा स्टुडिओ निरुपयोगी ठरतो, आणि त्यानेंच शब्द टाकल्यावर ई. एम. आय. कडून दोन मिश्रणयंत्रें उसनीं येतात. ज्याला नको म्हटलें होतें त्याच्याच ओळखीवर काम पुढें चालतें. ३० जानेवारीला चौघे गच्चीवर चढून वाजवूं लागतात. खालीं रस्त्यांत गर्दी जमते, पोलीस येतात, माणसें माना वर करून पाहतात. तारा गच्चीवरून जिन्यांजिन्यांनीं तळघरांत उतरविलेल्या आहेत, आणि तेथें मार्टिन यंत्राशेजारीं बसून ऐकत आहे.